डुरँगो ते डुरँगो: चांदीच्या डोंगरांतून एक दिवस

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी सातच्या सुमारास, मी कोलोरॅडोच्या नैऋत्य कोपऱ्यातील डुरँगो या गावातून मोटारसायकल बाहेर काढली, तेव्हा टाकीवर दवाचे थर साचले होते आणि हातमोज्यांच्या आतही बोटे बधिर झाली होती. सॅन हुआन पर्वतरांगेला वळसा घालून याच गावात परत येणारा हा रस्ता २३६ मैलांचा, म्हणजे साधारण ३८० किलोमीटरचा आहे. तेवढे अंतर सपाटीवर पाच तासांत सहज कापता येते, पण येथे उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा सगळा दिवस हाताशी ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डुरँगोची उंचीच सुमारे ६,५०० फूट आहे, म्हणजे प्रवासाची सुरुवातच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजार फूट वरून होते.

हा फेरा उत्तरेकडून सुरू करावा, आधी सिल्व्हर्टन आणि यूरे गाठावे आणि मग पश्चिमेकडून खाली उतरावे. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे या दिशेने जाताना सर्वांत अवघड टप्प्यात आपण डोंगराच्या पोटाशी राहतो आणि दरीची बाजू समोरून येणाऱ्यांच्या वाट्याला जाते. उलट दिशेने मी एकदा गेलो आहे. दृश्य अधिक खुले दिसते, हे खरे, पण पहिल्याच वेळी कोणी तसे जाऊ नये.

सुरुवातीला अ‍ॅनिमस नदीचे रुंद खोरे लागते आणि रस्त्याच्या सोबतीने नॅरो गेज रेल्वेचे रूळ धावतात. सिल्व्हर्टनच्या खाणींतील खनिज डुरँगोच्या भट्ट्यांपर्यंत आणण्यासाठी १८८२ मध्ये ही ४५ मैलांची लाइन पूर्ण झाली. रुळांमधले अंतर तीन फुटांचे आहे, माथेरानच्या गाडीपेक्षा एक फुटाने जास्त. पुढे रूळ नदीबरोबर अरुंद घळईत शिरतात आणि रस्ता त्यांची साथ सोडून वर चढू लागतो. कोल बँक खिंड १०,६४० फुटांवर आणि तिच्यामागून येणारी मोलास खिंड १०,९०० फुटांच्या आसपास आहे. या उंचीवर हवा विरळ होत असल्याने इंजिनाची ताकद स्पष्टपणे घटते. ज्या चढाला एरवी चौथा गिअर पुरतो, तेथे तिसरा टाकावा लागतो आणि ओव्हरटेक करण्यापूर्वी नेहमीपेक्षा दुप्पट मोकळा रस्ता समोर दिसायला हवा.

मोलासच्या अलीकडे मी दहा मिनिटे थांबलो, ते अ‍ॅस्पेनच्या झाडांसाठी. पाने पूर्ण पिवळी झाली होती आणि वारा जाणवत नसतानाही सळसळत होती. एक पान हातात घेऊन पाहिले, तर त्याचा देठ लांब आणि चपटा, अगदी पिंपळाच्या पानासारखा जागच्या जागी हलणारा. आमच्या गावच्या पारावर उन्हाळ्याच्या दुपारी ऐकू येणारा आवाज मला इतक्या दूर, इतक्या थंडीत पुन्हा ऐकायला मिळाला.

सिल्व्हर्टन ९,३१८ फुटांवर, चहूबाजूंनी उभ्या डोंगरांच्या तळाशी वसलेले आहे. गावाची वस्ती सहाशेच्या आसपास असून मुख्य रस्ता डांबरी आहे आणि बाजूच्या गल्ल्या अजूनही मातीच्या आहेत. येथील शेवटची मोठी खाण, सनीसाइड, १९९१ मध्ये बंद झाली. त्या खाणीची एक हकिगत मला फार महत्त्वाची वाटते. ४ जून १९७८ रोजी खाणीच्या डोक्यावरचे एमा नावाचे सरोवर तळ फुटून थेट बोगद्यांत कोसळले आणि लाखो गॅलन पाणी व चिखल आतली यंत्रे, रूळ आणि लाकडी आधार ओढत बाहेर आला. तो रविवार होता आणि खाणीत एकही कामगार नव्हता. आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी हे घडले असते, तर या छोट्या गावात किती घरांवर संकट आले असते, या विचाराने मी त्या मातीच्या गल्लीतून गाडी अगदी हळू नेली.

या डोंगरांकडे मी पुन्हा पुन्हा येतो, त्याचे खरे कारण मात्र १८९३ सालात आहे. त्या काळी मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळीत कोणीही चांदी घेऊन गेले, तर ठरलेले शुल्क भरून तिचे रुपये पाडून मिळत असत. त्यामुळे हिंदुस्थान हे जगातील चांदीचे फार मोठे गिऱ्हाईक होते. दुसरीकडे, १८९० च्या शर्मन कायद्यानुसार अमेरिकी सरकार दरमहा ४५ लाख औंस चांदी विकत घेत होते. कोलोरॅडोच्या चांदीच्या खाणी या दोन आधारांवर उभ्या होत्या. २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने खासगी चांदीसाठी टाकसाळी बंद केल्या आणि चांदीचा भाव काही दिवसांतच कोसळला. कोलोरॅडोतील खाणींना एकामागून एक कुलपे लागली आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकी सरकारनेही आपली खरेदी थांबवली. जेथे सोने, शिसे किंवा जस्त सापडत होते, त्या गावांनी कसाबसा तग धरला, आणि ज्यांची सारी भिस्त चांदीवर होती, ती ओस पडली.

फोर्टमधील टाकसाळीच्या त्या दगडी खांबांच्या इमारतीसमोरून मी नोकरीच्या दिवसांत अनेक वर्षे गेलो आहे. आमच्या आजीच्या डब्यात राणीच्या छापाचे चार रुपये होते आणि त्यांतला एक आता माझ्याकडे आहे. सुमारे साडेअकरा ग्रॅम वजनाचे हे नाणे तळहातावर ठेवले की अजूनही भारदस्त वाटते. ते ज्या व्यवस्थेत पाडले गेले, ती बंद होताच जगाच्या दुसऱ्या टोकाला, बर्फात राहणाऱ्या खाणकामगारांची चूल विझली. ही गोष्ट मुंबईत बसून मला कधीच समजली नव्हती, ती येथे येऊन समजली.

सिल्व्हर्टनच्या पुढे ११,०१८ फुटांवर रेड माउंटन खिंड येते. लोहाच्या गंजामुळे हे डोंगर खरोखरच गेरूसारखे लाल दिसतात. खिंडीपलीकडे यँकी गर्ल खाणीचा लाकडी मनोरा अजून उभा आहे. उन्हापावसाने त्याच्या फळ्या राखाडी झाल्या आहेत, आणि त्याच्याभोवती खाणीतून काढलेल्या टाकाऊ दगडांचे पिवळसर ढीग आहेत, ज्यांवर सव्वाशे वर्षांनंतरही नीट गवत उगवलेले नाही. ओहोळांच्या तळाचे दगडही नारिंगी झालेले दिसतात. सिल्व्हर्टनच्या वरच्या अंगाला असलेल्या गोल्ड किंग या बंद खाणीतून ५ ऑगस्ट २०१५ रोजी, साफसफाईच्या सरकारी कामादरम्यान, सुमारे ३० लाख गॅलन दूषित पाणी फुटून बाहेर आले आणि सकाळी मी जिच्या काठाने आलो, ती अ‍ॅनिमस नदी हळदीच्या पाण्यासारखी झाली. मालक निघून जातात, कंपन्या संपतात आणि पाणी मात्र बोगद्यांतून झिरपत राहते. गोव्यातील आणि विदर्भातील खाणींविषयी बोलताना हे डोंगर आपण डोळ्यांसमोर ठेवले पाहिजेत, असे मला कळकळीने वाटते.

खिंडीपासून यूरेपर्यंतचा उतार म्हणजे या फेऱ्याचा गाभा आहे. ऑटो मिअर्स या रशियन साम्राज्यातून आलेल्या गृहस्थाने १८८० च्या दशकात यूरेहून लाल डोंगरातील खाणींपर्यंत कडा फोडून टोल रस्ता बांधला, आणि आजचा महामार्ग बराचसा त्याच आखणीवर आहे. दरीच्या बाजूला कठडा जवळजवळ नाहीच, कारण हिवाळ्यात यंत्रांनी लोटलेला बर्फ दरीत टाकायला ती बाजू मोकळी लागते. हिमस्खलनापासून संरक्षण म्हणून एका ठिकाणी रस्त्यावर काँक्रीटचे छत उभारले आहे आणि बर्फ हटवताना प्राण गमावलेल्या चालकांचे स्मारकही वाटेत आहे. तेथे मी हेल्मेट काढून उभा राहिलो. या उतारावर ब्रेकपेक्षा गिअरवर भरवसा ठेवावा आणि नजर वळणाच्या शेवटाकडे असावी. एका आंधळ्या वळणावर नारळाएवढा दगड रस्त्याच्या मधोमध पडलेला होता. वेग ताशी पंधरा मैलांच्या आत असल्याने मला तो शांतपणे टाळता आला.

यूरे हे उंच कड्यांच्या कुशीतले, गरम पाण्याच्या झऱ्यांचे देखणे गाव आहे. त्याला यूट जमातीच्या ज्या प्रमुखाचे नाव दिले आहे, त्याच्या लोकांना १८७३ च्या करारान्वये हे डोंगर खाणींसाठी सोडून द्यावे लागले आणि १८८१ मध्ये तर या मुलखातूनच हलवण्यात आले. तेथे जेवण करून मी रिजवेमार्गे डॅलस डिव्हाइड ओलांडून टेल्युराइडकडे वळलो. टेल्युराइड आता श्रीमंत स्कीइंगचे गाव झाले आहे. दरीच्या टोकाचा ३६५ फुटांचा ब्रायडल व्हेल धबधबा पाहून मी लगेच निघालो.

मला थांबायचे होते ते पुढे, एम्सला. मुख्य रस्ता सोडून खडीच्या वाटेने, पुढचा ब्रेक न दाबता, सावकाश खाली उतरावे लागते. खाली ओढ्याकाठी एक साधी दगडी इमारत आहे. १८९१ मध्ये येथे पाण्यावर चालणाऱ्या जनित्रातून ३,००० व्होल्टची प्रत्यावर्ती (एसी) वीज निर्माण करून ती सुमारे अडीच मैलांवरच्या एका खाणीला पुरवली गेली. खाणीभोवतालचे लाकूड संपत आले होते आणि खेचरांवरून वर आणलेला कोळसा परवडत नव्हता, तेव्हा वीजच तारेवरून डोंगर चढवण्याचा हा मार्ग काढला गेला. आपल्या खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ चे, म्हणजे त्यानंतर चोवीस वर्षांनी आलेले. भिंतीला हात लावून पाहिला, तेव्हा दगड उन्हाने कोमट झाला होता.

लिझर्ड हेड खिंडीत सावल्या लांबल्या आणि थंडी परतली. पलीकडे रिको लागते. या स्पॅनिश नावाचा अर्थ ‘श्रीमंत’ असा आहे. चांदीच्या भरात येथे काही हजार माणसे राहत होती आणि आज काही शेच उरली आहेत. मुख्य रस्त्यावर विटांच्या जुन्या इमारती, एक पेट्रोल पंप आणि बाकावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ एवढेच दिसले. गाडीकडे पाहून त्यांनी विचारपूस केली, तेव्हा मी मुंबईचा असल्याचे सांगितले आणि खिशातला तो रुपया त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी चष्मा वर करून राणीचा मुखवटा पाहिला, नाणे दोन बोटांत धरून त्याचे वजन अजमावले आणि आपले आजोबा याच डोंगरात चांदी काढत होते, असे ते म्हणाले. मग नाणे रुमालाने पुसून त्यांनी परत माझ्या हातात दिले.