नवतप्यातली पोटनिवडणूक : माझा अनुभव

२८ मे २०१८. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता. नाना पटोलेंनी खासदारकी सोडल्यामुळे भंडारा-गोंदियात पोटनिवडणूक लागली होती आणि मला केंद्राध्यक्षाची ड्युटी. सकाळी ६ वाजता उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान घेतलं. ५० मतं टाकली, निकाल जुळवला, मशीन क्लिअर केलं, व्हीव्हीपॅटच्या (कुणाला मत गेलं ते कागदावर छापून दाखवणारं यंत्र) चिठ्ठ्यांवर शिक्के मारून काळ्या पाकिटात सील केल्या. ७ ला मतदान सुरू झालं.

साडेदहाच्या सुमारास व्हीव्हीपॅट अडलं. सात सेकंद दिसायची ती चिठ्ठी येईचना. झोनल साहेबांना (आमच्या भागातल्या केंद्रांवर देखरेख करणारे अधिकारी) फोन लावला, तर त्यांच्याकडे आधीच चार केंद्रांचे फोन येऊन गेलेले. बाहेर रांग उन्हात. काही जण "नंतर येतो" म्हणत निघाले. एक आजी मात्र व्हरांड्यात टेकल्या. "मशीन येतवरी इथंच बसतो, गुरुजी." मी त्यांना पाणी दिलं. दुसरं व्हीव्हीपॅट यायला दीड तास गेला. बटण दाबल्यावर आजी चिठ्ठी खाली पडेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

संध्याकाळी ६ वाजता दाराशी उभ्या असलेल्यांना शेवटच्या माणसापासून क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटल्या आणि सगळ्यांचं मतदान होऊ दिलं. मग नोंदलेल्या मतांच्या हिशेबाचा नमुना १७-क भरला. गेलेल्यांपैकी कितीजण परतलेच नाहीत, याची रुखरुख मला अजून आहे.

मतदारसंघातल्या ४९ केंद्रांवर ३० तारखेला फेरमतदान झालं. आमचं त्यात नव्हतं. ३१ ला राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे सुमारे ४८ हजारांनी निवडून आले. २०१४ मध्ये हीच जागा भाजपने जवळपास दीड लाखांनी जिंकली होती! मार्चमधल्या पोटनिवडणुकांत भाजपच्या हातून उत्तर प्रदेशातलं गोरखपूर, फुलपूर गेलं, आमच्यासोबत कैरानाही. २०१४ मध्ये लोकसभेच्या २८२ जागांवरून सुरुवात केलेल्या पक्षाला बहुमताचा २७२ चा आकडा जवळ दिसू लागला. त्याच दिवशी पोटनिवडणूक झालेलं पालघर भाजपने राखलं, पण तिथं शिवसेना त्यांच्याच विरोधात उभी होती. आठवडाही झाला नाही तोच अमित शहा 'मातोश्री'वर गेले. सरकारला धोका नव्हता, पण मित्रपक्षांची किंमत वाढली, हे माझं स्पष्ट मत आहे.

२०१९ मध्ये भाजपने जागा परत मिळवली. तेव्हाही मला ड्युटी लागली. आदल्या संध्याकाळी केंद्रावर पोचल्याबरोबर मी आधी खिडकीतून ऊन कुठवर येतं ते पाहिलं आणि उन्हानं मशीन पुन्हा अडू नये म्हणून तिचं टेबल आतल्या भिंतीला लावून घेतलं.