क्ष-किरण दुर्बिणीचा आरसा आखताना

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी हा विषय घेतला तेव्हा फोंड्याला घरी पहिला प्रश्न आला, "आरशात आखण्यासारखं काय असतं?" प्रश्न रास्तच होता. क्ष-किरण आरशावर समोरून आदळले तर परत फिरत नाहीत, आत शिरून शोषले जातात. पृष्ठभागाला घासून, साधारण एक अंशाहूनही कमी कोनात आले तरच ते परावर्तित होतात. म्हणून हे आरसे नळकांड्याच्या आकाराचे असतात आणि एकात एक बसवतात. पुढचा पॅराबोलॉइड (पॅराबोला अक्षाभोवती फिरवून मिळणारा आकार), मागचा हायपरबोलॉइड (तसाच हायपरबोलाचा), ही जोडी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हान्स वोल्टरने १९५२ मध्ये सुचवली. नासाच्या 'चंद्रा' या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीत अशा चार जोड्या आहेत.

मी आखत होतो ती दुर्बीण मात्र सर्वेक्षणासाठी, म्हणजे आकाशाचा रुंद भाग एकदम टिपण्यासाठी होती. वोल्टरची जोडी अक्षावर बिंदूसारखी प्रतिमा देते, पण बाजूला सरकलं की धूसरपणा साधारण कोनाच्या वर्गाने वाढतो. त्यात नाभीपृष्ठ, म्हणजे किरण जिथे एकत्र येतात तो पृष्ठभाग, वक्र, आणि डिटेक्टर सपाट.

वाट दाखवली ती बरोज, बर्ग आणि जियाकोनी यांच्या १९९२ च्या शोधनिबंधाने. अक्षावरची अचूकता थोडी सोडायची आणि आरशाच्या वक्राला बहुपदीची जोड देऊन कडेची प्रतिमा सुधारायची. हे मनाला पटायला वेळ लागला. निर्दोष प्रतिमा हातची का घालवायची? मग वहीवर साधं क्षेत्रफळ मांडलं. दृष्टिक्षेत्राची त्रिज्या ३० कलामिनिटं (अर्धा अंश) धरली, तर मधल्या १० मिनिटांत आकाशाचा फक्त नववा भाग येतो. २० ते ३० मधल्या कड्यात नवातले पाच. सर्वेक्षणात बहुतेक स्रोत कडेलाच सापडणार! तेव्हापासून मी प्रत्येक कोनावरच्या धूसरपणाला त्या कड्याच्या क्षेत्रफळाचं वजन देऊनच सरासरी काढली.

चवथीच्या सुटीत पायथॉनमध्ये किरणरेखन, म्हणजे प्रत्येक किरणाचा मार्ग मोजणारा प्रोग्रॅम, लिहून काढलं. डिटेक्टर नाभीच्या किंचित पुढे, आरशाच्या बाजूला सरकवला की अक्षावरचा ठिपका फुगतो आणि कडेचे आकसतात. बहुपदीचे सहगुणक बदलत गेले तसे ते आणखी आकसले. ते आलेख पाहताना मला खरंच आनंद झाला.

सरांनी आलेख पाहिले आणि लगेच आरशाच्या लांबीवर बोट ठेवलं. आरसा आखूड केला की कडेची प्रतिमा सुधारते, पण किरण गोळा करणारं क्षेत्रफळ घटतं; ते भरून काढायला जास्त नळकांडी हवीत, म्हणजे वजन वाढणार. सध्या तोच हिशेब चालू आहे.