तुम्ही विचारलंत म्हणून: पहिल्या माणसाला काढलं कसं?

‘पहिल्या दिवसापासून सोबत असलेल्या माणसाला तुम्ही काढलंत कसं?’ माझ्या छापखान्याच्या जुन्या ग्राहकांनी विचारलं, कागदवाल्याने विचारलं, मुलाखतीला आलेल्या एका मुलीने तर मी तिला काही विचारायच्या आत विचारलं. दर वेळी ‘नाही जमलं’ एवढं म्हणून मी विषय बदलला. मग लोकांनी आपापला अर्थ लावला. त्याने पैसे खाल्ले असतील, नाहीतर धंदा वाढल्यावर मला माणसं जड झाली असतील. तेव्हा हे आधी लिहून टाकते: त्याने एका पैशाचीही अफरातफर केली नाही. छपाईतलं त्याच्याइतकं मला आजही कळत नाही. चार रंगांच्या छपाईत एखादा रंग केसभर सरकला तरी त्याला भिंग न लावता दिसायचं.

आम्ही तिघं होतो तेव्हा कुणी कुणाला सांभाळायची गरजच नव्हती. तीन माणसांत बोलणाऱ्या जोड्या तीनच होतात. अकरा माणसं झाली की त्याच जोड्या ५५ होतात, आणि मग ग्राहकाने बदललेली तारीख कटिंगला कळते, बायंडिंगला कळत नाही. कुणीतरी मध्ये हवं होतं. मी त्याला सुपरवायझर केलं. केलं म्हणजे काय, एका सकाळी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘दादा, आता सगळं तुम्हीच बघा.’ ‘सगळं’ म्हणजे काय, हे मी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

पुढची दोन वर्षं तो पूर्वीसारखंच काम करत राहिला, फक्त सगळ्यांचं. एखाद्या मुलाचा जॉब, म्हणजे हातातलं छपाईचं काम, बिघडला की तो त्याच्या हातातून काढून घ्यायचा, रात्री उशिरापर्यंत थांबून स्वतः नीट करायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाशी बोलायचा नाही. रागावून नव्हे. त्याला बोलण्यासारखं काही वाटायचंच नाही, काम तर झालं होतं. दोन मुलं सोडून गेली. तिसऱ्याने राजीनामा देताना सांगितलं, ‘मॅडम, इथे मी चुकतो की बरोबर करतो, तेच मला कळत नाही.’ हे ज्यांना माहीत नाही, त्यांनी मला निष्ठेवर ऐकवू नये. निष्ठा एकट्याशीच ठेवायची का? उरलेल्यांचं काय?

हे मी ठणकावून म्हणू शकते. पण त्या संध्याकाळचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

सगळे गेल्यावर मी त्याला बसवलं. मनात एक वाक्य पाठ करून आले होते. पण समोर तो बसला आणि माझी जीभ वळेना. म्हणून मी सुरुवात केली ती कौतुकाने. तुम्ही होता म्हणून हा छापखाना उभा राहिला, पहिली मोठी ऑर्डर तुम्ही दोन रात्री जागून काढलीत, असं बरंच काही. सगळं खरं होतं. तो ऐकत होता, मग थोडा अवघडून हसला आणि म्हणाला, ‘ताई, माझं राहू द्या. पगार वाढवायचाच असेल तर आधी पोरांचं बघा.’

ज्याला मी माणसं कळत नाहीत म्हणून काढायला बसले होते, तो हे म्हणाला.

मी तिथेच थांबायला हवं होतं का? तेव्हाची मी म्हणते, थांबून काय झालं असतं, आणखी सहा महिने आणि आणखी एक राजीनामा. मी पुढे बोलले. पाठ केलेलं वाक्य बोलले. तो बराच वेळ गप्प होता. मग शांतपणे म्हणाला, ‘माझं कुठे चुकलं? एक दिवस सांगा. अमुक दिवशी तुम्ही असं केलंत, असा एकच.’

मला सांगता आला नाही. म्हणजे प्रसंग डोक्यात शंभर होते, पण तारीख, जॉब, कोण काय म्हणालं, यातलं काहीही मी टिपलं नव्हतं. आणि टिपलं असतं तर ते त्या दिवशीच त्याला सांगितलं नसतं का? ‘एकूणच’ हा शब्द मी तेव्हा किती वेळा वापरला असेल! त्याने शेवटी विचारलं, ‘हे मला आधी का नाही सांगितलं?’ मी म्हणाले, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. ते खोटं होतं. मला सांगताना वाईट वाटेल म्हणून मी दोन वर्षं गप्प बसले होते.

नंतर मी या विषयावरचं बरंच वाचलं. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अभ्यासकांनी १९९८ मध्ये माणूस निवडण्याच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र मांडलं. अनुभवाच्या वर्षांवरून माणूस पुढे कसं काम करेल याचा अंदाज फारसा बांधता येत नाही, तेच काम करून बघायला दिलं तर कितीतरी चांगला बांधता येतो, असं त्यात दिसतं. मी त्याला मशीनचं काम करताना सात वर्षं पाहिलं होतं. माणसांचं काम करताना एक दिवसही पाहिलं नव्हतं. महिनाभर दोघं मुलं त्याच्या हाताखाली देऊन बघता आलं असतं. २०१९ मधला एक अभ्यास विक्री करणाऱ्यांवरचा आहे. बढतीआधी ज्यांची विक्री जास्त, त्यांनाच बढती मिळण्याची शक्यता जास्त, आणि त्यांच्याच हाताखालच्या लोकांची कामगिरी सरासरीने खालावलेली. हे वाचून आधी सुटल्यासारखं वाटलं, की ही चूक जगभर होते. मग स्वतःचाच राग आला. तो काही सरासरी नव्हता, माझ्यासमोर बसलेला माणूस होता.

आता माझ्याकडे वही असते. कुणाशी काय बोलले, कधी, कशाबद्दल, ते त्याच दिवशी लिहिते, आणि त्या माणसाला सांगितल्याशिवाय लिहीत नाही. यामुळे मी चांगली मालकीण झाले असं कुणी म्हणू नका. ती वही त्याच्या वाट्याला आली नाही.

काहीजण पुढचं विचारतात, त्याला तोच पगार ठेवून पुन्हा मशीनवर का नाही घेतलं? मनात आलं होतं. ज्या मुलांचा तो सुपरवायझर होता त्यांच्याच रांगेत उभं राहणं त्याला अपमानाचं वाटेल, असं मीच ठरवून टाकलं. कदाचित वाटलंही असतं. पण मी विचारलं नाही.

तो आता दुसऱ्या एका छापखान्यात असतो, असं कागदवाल्याकडून कळलं. मशीनवर. फक्त मशीनवर.