दुखत नाही म्हणून

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

दुपारी पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा नागपूरहून फोन आला. दवाखान्यात तापाच्या पेशंटची रांग होती, तरी मी उठून मागच्या खोलीत गेले. त्यांनी आधी विचारलं, "पेशंट सोबत कोणी आहे का?" तेव्हाच पोटात गोळा आला.

मर्केल सेल कार्सिनोमा, कातडीचा एक दुर्मिळ कॅन्सर. एमबीबीएसला असताना कधीतरी एका ओळीत वाचलेलं नाव. १९ वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये ते लिहायची वेळ आली नव्हती. आज काकाजींच्या केसपेपरवर लिहिलं आणि दोनदा वाचून पाहिलं, स्पेलिंग तरी बरोबर आहे ना म्हणून.

काकाजी ७१ वर्षांचे. पांढरकवड्यापासून आत, टिपेश्वरच्या जंगलाच्या अंगाला त्यांचं पाच एकर वावर. पोळ्याच्या आधी सुनेला तपासायला घेऊन आले होते. जाता जाता मीच त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. कोपराच्या जरा खाली तुरीच्या दाण्याएवढा फोड, रापलेल्या कातडीवर जांभळट, वरून तुकतुकीत. दाबून पाहिला तर टणक. "दुखते का काकाजी?" "दुखून नाई राह्यलं, बाई. दुखलं असतं तं मीच दाखवलं असतं ना." केसतूड असेल असं समजून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. बरं नाही वाटलं तर या, म्हणाले.

बरं वाटायचा प्रश्नच नव्हता. त्यांना मुळात वाईट वाटतच नव्हतं. मग सोयाबीन निघालं, मग दसरा, आणि ते आले दिवाळीच्या तोंडावर, तेही बायकोनं बंडीची बाही वर करून पाहिली म्हणून. गाठ सुपारीएवढी झाली होती. दुखणं तेव्हाही नाही.

ते मधले अडीच महिने आज रात्री मला झोपू देत नाहीयेत.

आमच्या भागात कॅन्सर म्हणजे तोंडाचा. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाणारा माणूस समोर बसला की माझा हात आपोआप टॉर्चकडे जातो. गालाची आतली बाजू, जीभ, तोंड किती बोटं उघडतं, सगळं पाहते. कातडीवरच्या गाठीकडे मात्र डोळा तसा जात नाही. ती गळू असते, चरबीची असते, काटा रुतून झालेली असते. शंभरात नव्व्याण्णव वेळा हे खरंही असतं, आणि डोळ्याला सवय लागते ती तिथेच.

दिवाळीआधीच्या त्या शुक्रवारी गाठ काढली. भूल दिली, कापलं. चरबीची गाठ असली की कशी सहज सुटून येते, सिस्ट असली आणि तिची पिशवी फुटली तर आतून दह्यासारखं निघतं. इथे पिशवी नव्हती, पू नव्हता, दही नव्हतं. गाठ आजूबाजूच्या मांसाला धरून बसलेली. बाहेर काढून मधोमध चिरली तर आत करडी पांढरी, ओल्या खोबऱ्यासारखी भरीव, आणि कडा कुठे संपते ते कळेना. काकाजी मान तिकडे करून छताकडे पाहत होते. "निंघाली का, बाई?" मी हो म्हणाले, पण माझ्या हातांना काहीतरी खटकलं होतं.

खरं लिहायचं तर आजवर अशा गाठी मी दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकत आले. तपासणीचे पैसे पेशंटला जड होतात, नागपूरला पाठवायची यातायात, आणि "साधीच तर आहे". त्या दिवशी फॉर्मलिनची बाटली काढली. गाठीच्या दहापट तरी फॉर्मलिन लागतं, म्हणून मोठी बरणी घेतली. फॉर्मवर आधी "चरबीची गाठ?" एवढंच लिहिलं. मग ते खोडून सगळं लिहिलं: वय ७१, शेतकरी, उघडा राहणारा हात, तीन महिन्यांच्या आत तुरीच्या दाण्याची सुपारी झाली, दुखत नाही. काकाजींच्या मुलानं ती बरणी पिशवीत घातली आणि नागपूरच्या एसटीत अख्खा रस्ता मांडीवर धरून नेली. खाली ठेवली तर सांडेल म्हणून.

मॅडम आज म्हणाल्या, त्या दोन ओळींनी त्यांना सावध केलं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या त्या लहान, गोल, गडद निळ्या पेशी, एकमेकींना चिकटून दाटीवाटीनं बसलेल्या, जागोजागी विभागणी चाललेली. अशा दिसणाऱ्या पेशी लिम्फोमात, म्हणजे लसिका पेशींच्या कॅन्सरमध्ये, असतात आणि फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरमध्येही. फुप्फुसातला तो कॅन्सर कातडीवर उतरला तर साध्या रंगावर फरक कळणं कठीण. म्हणून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून पेशी कुठल्या ते ओळखायची तपासणी, करावी लागली. त्याच्या खर्चासाठी मुलानं तुरीच्या भरवशावर उसने पैसे घेतले, हे मला नंतर समजलं. एलसीए निगेटिव्ह, म्हणजे लिम्फोमा नाही. एस-१०० निगेटिव्ह, म्हणजे मेलानोमाची, कातडीच्या रंगपेशींच्या कॅन्सरची, शंका मागे पडली. टीटीएफ-१ निगेटिव्ह, फुप्फुसाच्या बाजूनं दिलासा. सिनॅप्टोफायसिन पॉझिटिव्ह, म्हणजे पेशी न्यूरोएंडोक्राइन, मज्जापेशी आणि संप्रेरकं बनवणाऱ्या पेशी या दोन्हींचे गुण असलेल्या. आणि सीके-२० पॉझिटिव्ह, तेही कसं, तर प्रत्येक पेशीत केंद्रकाला टेकून एकच तपकिरी ठिपका. मॅडमनी फोटो पाठवला. पेशींच्या त्या गर्दीत सगळीकडे तेच ठिपके. या आजाराची ही ओळखखूण.

संध्याकाळपासून वाचत बसले आहे. फ्रीडरिश मर्केल या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं १८७५ मध्ये कातडीच्या बाह्य थराच्या तळाशी असलेल्या या पेशींचं वर्णन केलं आणि त्यांना स्पर्शपेशी म्हटलं. बोटांच्या टोकांत त्या भरपूर असतात, हलका स्पर्श कळतो तो त्यांच्यामुळे. कॅन्सर म्हणून याची नोंद झाली ती १९७२ मध्ये, सिरिल टोकर यांनी पाच रुग्णांवरून केली. गाठ खरोखर याच पेशींतून उगवते का, यावर संशोधकांचा आजही वाद आहे. २००८ मध्ये पिट्सबर्गच्या युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांच्या गटाला या गाठींत एक नवा विषाणू सापडला. दहातल्या आठ गाठींत तो असतो. बाकीच्यांत उन्हानं जनुकांवर केलेले घाव सापडतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि काकाजींची सगळी हयात वावरात गेली. त्यांच्या गाठीत काय होतं ते मात्र या रिपोर्टवरून कळत नाही.

त्याच वर्षी एका अमेरिकी अभ्यासानं १९५ रुग्ण पाहून ओळखायच्या पाच खुणा मांडल्या: दुखत नाही, भराभर वाढते, प्रतिकारशक्ती कमी असते, वय पन्नाशीच्या पुढे, आणि गोऱ्या माणसाची उन्हाला उघडी राहणारी जागा. १०० पैकी ८९ जणांत यातल्या तीन किंवा जास्त खुणा होत्या. गोरेपणा सोडला तर काकाजींत पोळ्याला दोन दिसतच होत्या. तिसरी, वाढण्याची, पंधरा दिवसांनी परत बोलावलं असतं तर दिसली असती. "बरं नाही वाटलं तर या" असं म्हणायला नको होतं. तारीख द्यायला हवी होती.

साडेपाचला मुलगा आणि सून आले, काकाजीही. मी "कॅन्सर" हा शब्द वापरला. मुलाला बाजूला घेऊन सांगणं मला पटत नाही, हात त्यांचा आहे. काकाजींनी फक्त विचारलं, "चाकू लावल्यानं पसरला का मंग?" ही समजूत आमच्याकडे घराघरांत आहे आणि तिच्यामुळे माणसं महिनोन्महिने तपासणी टाळतात. मी सांगितलं, चाकू लावला म्हणूनच कळलं. सून बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "विषाणू म्हणता, मंग यायचं ताट-पेला वेगळा ठेवू का? लहान लेकरू मांडीवरच असते यायच्या." बरं झालं विचारलं तिनं. हा विषाणू तुझ्या, माझ्या, बहुतेक सगळ्यांच्या कातडीवर काही न करता राहतो, कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही, लेकरू मांडीवर बसू दे, असं तिला तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर ती रडली.

काखेत मला सुजलेली लसिका गाठ लागली नाही. पण हाताला न लागणाऱ्या गाठीतही सुमारे एक तृतीयांश रुग्णांत आजार पोचलेला असतो, म्हणून हातावरून आजार जिथे आधी पोचतो ती काखेतली पहिली लसिका गाठ शोधून तपासावी लागेल. हातावरची जागा आणखी रुंद कापावी लागेल, छातीचा स्कॅन, बहुधा शेकही, म्हणजे रेडिएशन. लवकर केलं तर आशा आहे आणि ती मी खरी म्हणूनच सांगितली. मुलानं विचारलं, "मेडिकलमंदी न्यायचं का तुकडोजीत?" म्हणजे नागपूरच्या सरकारी रुग्णालयात की तिथल्या कॅन्सर रुग्णालयात. मॅडमनी ज्या सर्जनशी बोलून ठेवलंय तिथे सोमवारी. जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधार, सगळं एका पिशवीत भरायला सांगितलं.

बोलणं चालू असताना काकाजींच्या बंडीला कापूस चिकटला होता, सकाळच्या वेचणीतला. त्यांनी तो काढला आणि अंगठा-बोटात धरून हळूहळू ताणून पाहिला, धागा किती लांब निघतो ते. "यंदा बरा हाये," म्हणाले, आणि कापूस खिशात ठेवला.

ते गेल्यावर दवाखाना बंद केला, पण घरी यायच्या आधी छोट्या ऑपरेशनचं रजिस्टर उघडलं. गेल्या दोन वर्षांत कातडीवरच्या २३ गाठी काढल्या आहेत. तपासायला पाठवलेली एक. उरलेल्या २२ जणांपैकी १४ जणांपुढे फोन नंबर आहेत. बाकीच्यांची नुसती गावं लिहिली आहेत, ती मंगळवारच्या बाजाराला आली की विचारता येतील. उद्या रविवार आहे, माणसं घरी सापडतात. सकाळी पहिल्या नंबरापासून लावायला बसते.