येरवड्यातील २७० चौरस फूट

२००५ मध्ये सुरू झालेल्या, केंद्र सरकारच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाच्या निधीतून पुण्यातील येरवड्याच्या वस्त्यांमध्ये कच्च्या घरांच्या जागी, त्याच कुटुंबांसाठी पक्की घरे बांधली गेली आणि शेजारच्या, आधीच पक्क्या असलेल्या घरांना हात लावला गेला नाही. शहरातील चिमुकल्या जागेवर घर बांधण्याचा विषय निघाला की मला प्रथम हेच काम आठवते.

वास्तुविशारद प्रसन्न देसाई, शहरी गरिबांसोबत काम करणारी स्पार्क ही संस्था आणि महिला मिलन ही वस्त्यांतील बायकांची संघटना यांनी ते मिळून केले. महिला मिलनची सुरुवात १९८६ मध्ये भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या बायकांमधून झाली. घर कागदावर समजावण्याऐवजी कापडाचे, पूर्ण मापाचे घर उभे करून दाखवायचे, ही त्यांची जुनी रीत. नकाशापुढे गप्प बसणारी बाई अशा घरात शिरली की मोरी कुठे हवी आणि पाण्याचे पिंप कुठे मावेल, हे झटकन सांगते.

प्रत्येक कुटुंबाला २७० चौरस फूट चटईक्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, मिळणार आणि खर्चाचा दहावा हिस्सा त्याने स्वतः भरायचा, एवढे नियमाने ठरलेले होते. पण जागा दहा बाय बाराची असेल तर तेवढ्या क्षेत्रासाठी तीन मजले चढवावे लागतात आणि जिना प्रत्येक मजल्यावर आपला वाटा मागतो. (छोट्या घराचा खरा शत्रू जिनाच, असे माझे मत आहे.) मात्र तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असल्या की गरम हवेला बाहेर पडायला तोच मार्ग उरतो, म्हणून जिन्याच्या माथ्यावरचा झरोका मला छपरावरच्या सौर पॅनेलपेक्षा मोलाचा वाटतो.

सांगाडा आरसीसीचाच, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या सिमेंट काँक्रीटचाच, असल्यामुळे या घरांना पर्यावरणपूरक म्हणायला काही मंडळी कचरतील. माझ्या मते खरी बचत न पाडलेल्या घरांत आहे: तेवढा राडारोडा झाला नाही, तेवढे सिमेंट पुन्हा लागले नाही.

सर्वांत अवघड प्रश्न अगदीच लहान जागा असलेल्यांचा. दोन-तीन कुटुंबांनी जागा एकत्र केल्या तर पाया आणि जिना सामाईक होतो, क्षेत्र वाचते. पण तळमजला कोणाचा, हे कोणताही नकाशा ठरवू शकत नाही. दारात भाजी विकणारीला वर जाऊन चालत नाही, गुडघे धरलेल्या सासूलाही नाही. अशा वेळी रेघ ओढण्याआधी बैठक बसवावी आणि वरच्या मजल्यावर जाणाऱ्या कुटुंबाला गच्चीचा हक्क लेखी द्यावा, असे मला वाटते. तोंडी दिलेला हक्क पुढच्या पिढीत भांडणाचे कारण होतो.