आबेंना गोळी लागली त्या दिवशी आमच्या ऑफिसात

८ जुलै २०२२, शुक्रवार. मी तेव्हा टोकियोत शिनागावाला एका क्लायंटच्या ऑफिसात बसायचे. काम ब्रिज एसईचं, म्हणजे इकडे जपानी साहेब, तिकडे पुण्यातली टीम आणि मधे मी, दोन्हीकडची बोलणी खायला. त्या वीकेंडला मोठं रिलीज होतं, सगळी सिस्टिम नवीन सर्व्हरवर हलवायची होती, त्यामुळे सकाळपासून जो तो चेकलिस्टमधे डोकं घालून बसलेला आणि एवढा मोठा मजला माणसांनी भरलेला असून कीबोर्डशिवाय आवाज नाही, पण ते तिथं नेहमीचंच.

पावणेबाराच्या सुमाराला बऱ्याच जणांचे फोन एकदम थरथरले. भूकंपाचा अलर्ट असता तर कर्कश वाजला असता, हे नुसतं थरथरणं. बातमी एवढीच, की नारा शहरात प्रचारसभेत माजी पंतप्रधान शिंझो आबे कोसळलेत, गोळीसारखा आवाज ऐकू आलाय, रक्त येतंय. माझ्या समोरच्या मुलानं स्क्रीन बघितली, परत बघितली, शेजारच्याला दाखवली. कोणी ओरडलं नाही, कोणी उठलं नाही. आपल्याकडे असतं तर पाच मिनिटांत खुर्च्या ओढून कोंडाळं झालं असतं, कुणाचा हात आहे यावर तीन थिअऱ्या निघाल्या असत्या आणि चौथा म्हणाला असता, चला घरी, गाड्या बंद पडायच्या आत. इथे बरोब्बर बारा वाजता सगळे उठले आणि जेवायला गेले.

कँटीनमधल्या टीव्हीसमोर मात्र माणसं ट्रे हातात घेऊन उभीच राहिली होती. यामातो-साइदाइजी स्टेशनबाहेरचा तो चौक, रस्त्याच्या मधे रेलिंगच्या आत उभे आबे, मागे जवळजवळ मोकळा रस्ता, आणि तिथूनच तो माणूस आला. पहिला बार लागला नाही, आवाजानं आबे मागे वळले आणि दुसरा लागला. मधे अडीचएक सेकंद. काळ्या टेपनं गुंडाळलेले दोन पाईप, ती बंदूक. लोकांचा पहिला प्रॉब्लेम बंदुकीचाच होता. जपानमधे साधी शिकारीची बंदूक घ्यायची तर लेखी परीक्षा, नेमबाजीची परीक्षा, डॉक्टरचं सर्टिफिकेट, पोलिसांची चौकशी, आणि हा घरात बनवून घेऊन आला? आमचे बुचो (डिपार्टमेंटचे साहेब, साठीला आलेले) एवढंच म्हणाले की नागासाकीच्या महापौरांना २००७ साली असंच प्रचारात गोळी घातली होती, पण मारणारा याकुझा, म्हणजे तिकडच्या गुंड टोळीतला होता. म्हणजे याकुझा असेल तर समजू शकतो, असा त्यांचा सूर.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्या टीममधे एक जण कोरियन वंशाचा होता. तिसरी पिढी, आजोबा कधीतरी इकडे आलेले, नाव जपानीच लावायचा, पंधरा माणसांत दोघा-तिघांनाच माहीत असेल, मला त्यानं एकदा नोमिकाईत म्हणजे ऑफिसच्या पार्टीत बिअर पिता पिता सांगितलं होतं. तो टीव्हीकडे बघतच नव्हता. फोनवर बातम्या सारख्या रिफ्रेश करत होता, जेवण तसंच. मी विचारलं काय शोधतोयस, तर म्हणाला, नाव. मारणाऱ्याचं नाव. आणि माझ्या तेव्हा लक्षात आलं की मीही मनात तेच घोकत होते, देवा, बाहेरच्या देशाचा माणूस नको. १९२३ च्या भूकंपानंतर कोरियन लोकांनी विहिरीत विष टाकलं अशी अफवा उठली आणि टोकियो-योकोहामात हजारोंना लोकांनी मारलं, हे त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. आबे म्हणजे तर कोरिया आणि चीनशी जुन्या युद्धाच्या इतिहासावरून कायम ताणलेलं, पंतप्रधान असताना २०१३ मधे यासुकुनी मंदिरात (युद्धात मेलेल्यांचं स्मारक, त्यात युद्धगुन्हेगारही) गेले त्यावरून केवढा गहजब झाला होता. आणि त्या दुपारी ट्विटरवर पुरावा काही नसताना 'हा नक्की कोरियन' म्हणणारे महाभाग हजर होतेच.

थोड्या वेळानं नाव आलं. तेत्सुया यामागामी, वय ४१, नारातलाच राहणारा, पूर्वी नौदलात, म्हणजे त्यांच्या सागरी स्वसंरक्षण दलात, नोकरी केलेला. माझा मित्र उठला, मशीनमधून दोन थंड कॉफीचे कॅन आणले, एक मला दिला आणि गार झालेला कात्सु-करी खायला लागला.

तेवढ्यात आईचा फोन. पुण्यात सकाळचे नऊ वाजलेले. "अगं, कोण होता गं मारणारा?" हा पहिला प्रश्न. मी म्हटलं जपानीच आहे. "मग ठीकाय, तरी बाहेर नको फिरूस." मला तिचा राग नाही आला, कारण माझी आजी सातारा जिल्ह्यातली, तिच्या माहेरचा वाडा अठ्ठेचाळीसच्या जळितात गेला. गांधीजींना गोळ्या घातल्या त्या संध्याकाळी मारणारा मुसलमान असल्याची अफवा पसरायला लागली होती, म्हणून रेडिओवर मुद्दाम सांगण्यात आलं की मारणारा हिंदू आहे, त्यानं पुढचं केवढं तरी टळलं असेल. मग आडनाव कळलं आणि पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरं पेटली. इंदिराबाईंच्या वेळी मारणारे शीख निघाले आणि एकट्या दिल्लीत सरकारी आकड्यानुसार २७३३ माणसं गेली. तेव्हा आमच्याकडच्या बायका आधी आडनाव विचारतात, हळहळ नंतर. ते त्यांच्या दृष्टीनं बरोबरच आहे.

दीड वाजता पुण्याशी कॉल. इकडे मीटिंग रूममधे पाच जपानी चेहरे मास्क लावून, तिकडे पुण्याचा डिलिव्हरी मॅनेजर, मनानं अगदी चांगला माणूस, आणि त्यानं कॅमेरा ऑन करून सुरुवातच केली, "सर, वी आर व्हेरी व्हेरी सॉरी, आबे सर एक्स्पायर झाले, आत्ताच ग्रुपवर आलं." आता झालं असं होतं की जपानमधे तोवर कोणीही मृत्यू असं म्हटलेलं नव्हतं. हृदय आणि श्वास बंद आहेत, उपचार चालू आहेत, एवढंच. डॉक्टरांनी जाहीर केल्याशिवाय पुढचं वाक्य कोणी उच्चारायचं नाही. इंग्लिश सगळ्यांनाच थोडं कळतं, त्यामुळे खोलीत दोन सेकंद जी शांतता पसरली ती मी अजून विसरले नाहीये. मी जपानीत म्हटलं, बातमीनं पुण्याची टीम हादरलीय, ते सगळे प्रार्थना करतायत. बुचो उठून उभे राहिले, कॅमेऱ्याकडे बघून खाली वाकले, थँक्यू म्हणाले आणि बसले. मग म्हणाले, पान तीन, डेटा मायग्रेशन.

पावणेतीनच्या आसपास पंतप्रधान किशिदा बोलले, यामागातातला प्रचार सोडून हेलिकॉप्टरनं परत आले होते, आवाज फुटत नव्हता. संध्याकाळी हॉस्पिटलनं सांगितलं, पाच वाजून तीन मिनिटांनी गेले. शंभरावर युनिट रक्त दिलं होतं म्हणे. बायको टोकियोहून शिनकान्सेननं म्हणजे बुलेट ट्रेननं निघाली होती, ती पोचल्यावर थोड्याच वेळात.

सातच्या सुमारास पँट्रीत आमच्याकडच्या एक बाई भेटल्या, हाकेन म्हणजे कंत्राटी, टेस्टिंगच्या कामाला. कप धुवत होत्या आणि रडत होत्या. मला वाटलं आबेंच्या फॅन असतील. तर म्हणाल्या, मला तो माणूस अजिबात आवडायचा नाही. २०२० मधे सरकारनं घरटी दोन कापडी मास्क वाटले होते ना, ज्यांना लोक चेष्टेनं आबे-नो-मास्क म्हणायचे, ते यांनी निषेध म्हणून पाकिटसुद्धा न फोडता ठेवलेत. मग मोरितोमो प्रकरणावर आल्या. एका शाळेला सरकारी जमीन फुकटात गेल्यासारखी स्वस्त विकली, आबेंच्या पत्नीचं नाव त्यात आलं, कागदपत्रं बदलायला लावलेल्या अर्थखात्याच्या एका कर्मचाऱ्यानं २०१८ मधे आत्महत्या केली. म्हणाल्या, मला त्यांना कोर्टात उभं राहून उत्तर देताना बघायचं होतं, आता कोण देणार? आणि कप परत धुवायला लागल्या, तोच कप. त्या ऑफिसात राजकारणावर कोणी एवढं सलग बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

घरी जाताना शिम्बाशीला वर्तमानपत्राचा जादा अंक वाटत होते, एका पानाचा. लोक हात लांब करून घेत होते आणि चालता चालता वाचत होते.

इकडे माझा शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप! त्याच्या आठवडाभर आधी शिंदे मुख्यमंत्री झालेले, ग्रुपवर गुवाहाटी, खोके, गद्दार, खरी शिवसेना कुणाची यावरून अर्वाच्य भांडणं चालली होती, दोघं तर लेफ्ट झालेले, आणि त्या संध्याकाळी सगळे एकजात हात जोडलेले इमोजी टाकायला लागले. भारताचा सच्चा मित्र गेला. गंगा आरतीचा फोटो, बुलेट ट्रेनच्या भूमिपूजनाचा फोटो, पद्मविभूषण. दुसऱ्या दिवशी भारतात राष्ट्रीय दुखवटा, झेंडे अर्ध्यावर. मामेभावानं विचारलं, तुम्हाला मग किती दिवस सुट्टी? म्हटलं शून्य, दुखवटा तुमच्याकडे आहे, आमच्याकडे रिलीज आहे. त्याला ते खरंच वाटेना. शेजारी देशाच्या सोशल मीडियावर, चीनच्या म्हणतेय मी, काही लोक उघड आनंद करत होते हेही त्याला पटेना. आपल्याकडे आबे म्हणजे फक्त मोदींसोबतचे आबे, घरी ते किती जणांना नकोसे होते हे आपल्यापर्यंत पोचलेलंच नाही.

रविवारी म्हणजे १० तारखेला वरच्या सभागृहाची निवडणूक ठरल्याप्रमाणे झाली, एक दिवससुद्धा पुढे ढकलली नाही, मतदान ५२ टक्के, आबेंचा पक्ष आरामात जिंकला. आषाढी एकादशी होती, मी साबुदाण्याची खिचडी डब्यात घेऊन सर्व्हर रूममधे. रिलीज झालं नीट.

पण लोकांच्या प्रतिक्रियेची खरी गंमत, गंमत शब्द वाईट आहे पण असो, ती पुढच्या आठवड्यापासून. मोठे पेपर आणि चॅनल आधी नुसतं 'एका धार्मिक संघटनेवर राग होता' एवढंच म्हणत होते, निवडणूक उरकल्यावर सोमवारी नाव उघड झालं, युनिफिकेशन चर्च, कोरियात सुरू झालेला एक पंथ. मारेकऱ्याच्या आईनं या पंथाला सुमारे १० कोटी येन दिले, २००२ मधे दिवाळं निघालं, घराची वाताहत झाली. आबेंनी २०२१ मधे या पंथाशी जोडलेल्या कार्यक्रमाला व्हिडिओ संदेश पाठवला होता, तो यानं बघितला. मग आबेंच्या पक्षानंच केलेल्या पाहणीत ३७९ पैकी १७९ खासदारांचे या ना त्या प्रकारे संबंध निघाले, आणि वारं फिरलं. शिक्षा कमी करा म्हणून सह्यांची मोहीम निघाली, कोठडीत मारेकऱ्याला लोक पैसे, कपडे, खाऊ पाठवायला लागले. फसवून देणग्या उकळण्याविरुद्ध डिसेंबरात कायदा झाला, २०२५ च्या मार्चमधे कोर्टानं पंथ विसर्जित करायचा आदेश दिला. म्हणजे मारेकऱ्याला जे हवं होतं त्यातलं बरंचसं गोळी घालूनच मिळालं, आणि हे मला अजूनही पचत नाही. वर्षानुवर्षं त्या पंथाविरुद्ध केसेस लढवणारे वकील होते की, त्यांच्या पत्रकार परिषदांना कोण जात होतं?

सरकारी इतमामात अंत्यसंस्काराचा निर्णय झाला तेव्हा तर ऑफिसातसुद्धा कुजबुज ऐकू यायला लागली. माजी पंतप्रधानासाठी असा समारंभ १९६७ नंतर झालेलाच नव्हता, संसदेला न विचारता मंत्रिमंडळानं ठरवलं, खर्च आधी २५ कोटी येन सांगितला आणि सुरक्षा-बिरक्षा धरून मग १६६ कोटींवर नेला. बहुतेक चाचण्यांमधे विरोध करणारे जास्त. पंतप्रधान कार्यालयाजवळ एका माणसानं निषेध म्हणून स्वतःला पेटवून घेतलं.

२७ सप्टेंबर, मंगळवार. टोकियोतल्या बुदोकान सभागृहात समारंभ, मोदी आलेले. आमच्या बुचोंनी हाफ डे टाकला आणि पांढरी फुलं घेऊन तिथल्या कुदानशिता स्टेशनजवळच्या रांगेत उभे राहिले, रांग कुठल्या कुठे गेली होती. हाकेनच्या बाईंनीही हाफ डे टाकला, त्या संसदेसमोर बोर्ड घेऊन उभ्या. दोघांनीही रजेच्या फॉर्मवर 'खाजगी काम' लिहिलेलं, मला माहीत आहे कारण टीमच्या रजांचा शेड्यूलवर काय परिणाम होतो ते बघायचं काम माझ्याकडे होतं. कोरियन मित्र दिवसभर डेस्कवर, हेडफोन लावून.

दुसऱ्या दिवशी बुचोंनी मला विचारलं, भारतात लोक काय म्हणाले? म्हटलं, सगळा जपान रडतोय असं म्हणतात. त्यांना ते आवडलं, असं मला वाटलं. दुपारी बाईंनीही नेमकं तेच विचारलं, मी तेच उत्तर दिलं, तर त्या इतक्या जोरात हसल्या की तिसऱ्या रांगेतल्या माणसांनी मान वर करून बघितलं, आणि मग तोंडावर हात ठेवून सगळ्यांना सॉरी सॉरी म्हणत बसल्या.