धापेवाड्याच्या वाटेवर

मुलीला इतके दिवस सोडून पंढरपूरला पायी जाणे मला शक्य नाही, म्हणून गेल्या आषाढात मी नागपूरहून धापेवाड्याला निघालेल्या एका लहानशा दिंडीत सामील झालो. कळमेश्वर तालुक्यातले, चंद्रभागा नदीच्या काठावरचे हे गाव विदर्भाची पंढरी म्हणून ओळखले जाते आणि पंढरपुरातला आषाढीचा सोहळा आटोपला की पांडुरंग स्वतः इथे येतो, अशी आमच्याकडची श्रद्धा आहे. नागपूरच्या महाल भागातून निघून काटोल रोडने फेटरी, कळमेश्वर करीत सुमारे ३५ किलोमीटरची ही वाट दोन दिवसांत चालायची होती.

माझी मुलगी १३ वर्षांची आहे आणि तिला सिकलसेल आहे. विदर्भातल्या अनेक घरांना हा आजार समजावून सांगावा लागत नाही. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात आणि मग हाडांत अशा कळा येतात, की लेकरू उशीचा कोपरा दातांत धरून रात्र काढते. आम्ही दोघेही या आजाराचे वाहक आहोत, हे तिच्या निदानानंतरच आम्हाला कळले. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे डॉक्टरांनी कागदावर चार चौकोन काढून समजावले होते. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. तीन चौकोन सोडून देवाने नेमके चौथ्यावरच बोट का ठेवले, हा प्रश्न घेऊन मी निघालो होतो. आणि तिच्या कळा थांबल्या तर दरवर्षी अनवाणी येईन, असा नवसही मनाशी धरला होता.

फेटरी मागे पडल्यावर पावसाची सर येऊन गेली. त्या वर्षी पाऊस उशिरा लागल्याने वाटेतल्या संत्र्याच्या बागांत पावसाच्या सुरुवातीला येणाऱ्या मृग बहाराची फुले अजून होती आणि ओल्या मातीत मिसळलेला त्यांचा वास दिंडीसोबत बराच वेळ चालत राहिला. माझ्या शेजारी टाळ वाजवत चालणारे एक गृहस्थ संत्र्याचे बागाईतदार होते. मृग बहार धरायचा असेल तर भर उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो, हे त्यांनी मला सांगितले. हलक्या जमिनीत ताण कमी दिवसांचा, भारी जमिनीत जास्त दिवसांचा. ताण कमी पडला तर फूल येत नाही आणि जास्त झाला तर झाडच वाळते. “मग नेमका किती द्यायचा, हे कसे कळते?” असे मी विचारले. “पान पाहावं लागते. ताण दिला म्हणून बागेत जाणं सोडत नाही आम्ही, उलट रोज जातो,” ते म्हणाले.

पुढे किती तरी वेळ मी काहीच बोललो नाही. लेकरू म्हणजे झाड नव्हे, आणि दुखण्यातून पुढे फूलच येते असे मला कोणी सांगितले तर ते मी आजही ऐकून घेणार नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पत्नी अन्नावाचून गेली, दिवाळे निघाले, आणि तरी जे झाले ते बरेच झाले असे ते देवाला सांगू शकले. ती उंची माझी नाही. पण रोज बागेत जाणाऱ्या त्या माणसाचे बोलणे मनातून जाईना. ज्या रात्री माझी मुलगी कण्हत होती त्या रात्री देव तिथे नव्हता, असे मी आजवर धरून चाललो होतो, आणि हे कशावरून, हे मी स्वतःला कधी विचारलेच नव्हते.

मुक्काम कळमेश्वरजवळच्या एका शाळेच्या व्हरांड्यात होता. वरण-भात झाल्यावर डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या एका म्हाताऱ्या माउलीजवळ मी नवसाची गोष्ट काढली. तिने माझ्या सुजलेल्या पायांना तेल लावायला घेतले होते. मी पाय मागे ओढले, तरी तिने सोडले नाहीत. “मागणं घरी ठेवून यावं लागते भाऊ,” ती म्हणाली. “वारीत त्याले भेटाले जाते माणूस. माहा पोरगा गेला, त्या साली बी मी आली होती.” एवढेच सांगून तिने तेलाची बाटली बंद केली आणि हरिपाठाला जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी धापेवाड्यात दर्शनाच्या रांगेत आमचे बरेच तास गेले. इथले संत कोलबास्वामी यांचे वय झाले, पंढरपूरला चालत जाणे होईना, तेव्हा पांडुरंगच इथल्या विहिरीतून मूर्तिरूपाने त्यांच्यापुढे आला, ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्या दिवशी मात्र ती ऐकताना माझा गळा दाटून आला, कारण थंडी, ओल आणि दमणूक यांनी कळा उठतात म्हणून जिला मी कधीच या वाटेवर आणू शकणार नाही, ती घरी पडून होती. ज्याला चालता येत नाही त्याच्याकडे स्वतः चालत येणारा हा देव आहे, आणि माझी मुलगी त्याच्या वाटेबाहेर आहे असे मानण्याचा मला काय अधिकार? गाभाऱ्यात पायांवर डोके ठेवले, तेव्हा नवस आठवला होता, पण मी तो बोललो नाही. “तिच्यापाशी राहा,” एवढेच म्हटले.

बाहेर येऊन घरी फोन लावला. अंगातले पाणी कमी झाले की कळा येतात, म्हणून मी दिवसभर तिच्यामागे पाण्याचा ग्लास घेऊन फिरत असतो. दर्शन कसे झाले, हे तिने विचारलेच नाही. “बाबा, तुम्ही पाणी पिलं का?” ती म्हणाली. मी नदीकाठच्या पायरीवर बसलो आणि पिशवीतली बाटली काढली.